लायमननं सहा वेळा उघडलेलं किंगफिशर

आमच्या ड्राय फोर्क गावातला लायमन स्ट्रोड दुधाच्या बाटलीवरची तारीख वास घेतल्याशिवाय मान्य करत नाही. पाद्रीबाबा म्हणाले, आज हवा छान आहे, तर हा दारातून डोकं बाहेर काढून खात्री करणार. वय बहात्तर, धंदा बंदूक दुरुस्तीचा. सगळ्या गावाच्या वाटचा संशय तो एकटाच घेतो, त्यामुळे आम्ही बाकीचे निवांत असतो. कुणाला बंदूक घ्यायची झाली की घरात पहिला प्रश्न निघतो, "लायमन काय म्हणतो?"

गेल्या वसंतात मात्र लायमन काहीच म्हणेना. किंगफिशर नावाचं जुनं रिव्हॉल्वर त्याच्या कंपनीनं पुन्हा बाजारात आणलं होतं. वीस वर्षांपूर्वी ते बंद झालं, कारण हातानं घासून-बसवून बनवणाऱ्यांची मजुरी परवडेना. तेव्हापासून जुन्या किंगफिशरचा भाव सोन्यासारखा चढत गेला. आता यंत्रावर बनलेलं नवं आलं, दिसायला हुबेहूब, किंमत दीड हजार डॉलर.

"हुबेहूब आहे म्हणूनच तर शंका येते," लायमन एवढंच बोलला. "माल चांगला असेल तर त्यानं म्हाताऱ्याचा मुखवटा कशाला घालावा?"

पण मर्ल ओस्टबीला असल्या उत्तरानं भागणार नव्हतं. मर्लच्या मेंढ्या वरच्या कुरणात चरतात आणि तिथं अस्वलं येतात. तिच्या कमरेला तिच्या वडिलांचं जुनं किंगफिशर. जुन्याला एक खोड होती. वापरून वापरून गोळ्यांचं चाक केसभर मागं राहायचं, नळीच्या नेमकं समोर येऊन थांबायचं नाही. मग ते दर दोन-तीन वर्षांनी लायमनच्या टेबलावर यायचं आणि शहाणं होऊन परत जायचं.

"बिलिंग्ज शहरातला एक व्यापारी याला साडेतीन हजार देतोय," मर्ल म्हणाली. "त्यात नवं येईल आणि उरलेल्यात कोकरांच्या शेडचं छप्पर होईल. गेल्या थंडीत नऊ कोकरं गारठून मेली माझी. नवं घेऊ का, तेवढं सांग."

"तपासतो."

"किती दिवस?"

"खोट सापडेपर्यंत."

त्यानं स्वतःच्या पैशानं एक नवं किंगफिशर घेतलं. कुणाला सांगितलं नाही, पण खडीच्या खाणीत जाऊन झाडलेले बार काय लपतात? उन्हाळाभर दुपारी धाड धाड चालू. दर शंभर गोळ्यांनी तो चाक आणि नळी यांच्यामधल्या फटीत पोलादाच्या पातळ पट्ट्या सारून बघायचा, ढिलं पडलं का. सुनेच्या भाजीत मीठ कमी निघायची सासू जशी वाट बघते, तशी त्यानं वाट बघितली. दोन हजार गोळ्या झाल्या. फट होती तेवढीच.

"हलत नाही बेटं," सप्टेंबरात तो मला म्हणाला. चेहरा असा, की घरातलं कुणीतरी गेलंय.

मर्लला त्यानं सरळ सांगितलं, "घे. आतलं पोलाद जुन्यापेक्षा चांगलं आहे. पॉलिश मात्र रडकं."

"पॉलिशला अस्वल घाबरतं का?"

"पण तो व्यापारी माझ्यासमोर येऊ दे. जुन्या लोखंडाला साडेतीन हजार कोण देतं? काहीतरी काळंबेरं आहे."

व्यापारी लायमनच्या कामाच्या शेडमध्ये आला. मर्ल आणि मी आधीच तिथं हजर. प्रुइट नावाचा, इस्त्रीचा शर्ट, हातात सुती मोजे. लायमननं त्याची खुर्ची अशी ठेवली की दोन्ही हात सतत दिसावेत. प्रुइटनं आधीच स्पष्ट केलं, "माझ्या गिऱ्हाइकांना गोळ्या झाडायच्या नसतात. कंपनीतून निघालं तसंच हवं असतं. आत कुणाची कानस लागली असेल तर दोन हजार. मी उघडून बघेन आणि ठरवेन."

मर्लनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

प्रुइटनं बाजूचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं. दहा मिनिटं एकेक भाग उजेडात धरून बघितला. मग तो हळूच म्हणाला, "अप्रतिम. कुणाचा हात लागलेला नाही. काय कारागीर होते हो कंपनीत! असं काम करणारा माणूस आज शोधून सापडायचा नाही. घ्या, साडेतीन हजार."

लायमनचे कान लाल झाले. मर्लनं टेबलाखालून त्याच्या बुटावर बूट ठेवला.

"कंपनीचं नाही ते," लायमन म्हणाला.

"काय?"

"ते काम. माझं आहे. कंपनीनं पाठवलं होतं तेव्हा अर्धं कच्चं होतं. सहा वेळा उघडलंय मी."

प्रुइट हसला. "इथं? या शेडमध्ये? काका, तीस वर्षं हेच बघतोय मी. मला नका शिकवू."

झालं. लायमननं खण ओढला, दुरुस्तीला आलेलं, अजून हात न लावलेलं दुसरं जुनं किंगफिशर काढलं, झाकण उघडलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. "ही कड बघा. आता ही बघा. कंपनीची कानस आडवी चालते, माझी तिरकी. दिसलं?"

प्रुइट बराच वेळ भिंगातून बघत राहिला. त्यानं मोजे काढले आणि उघड्या हातानं लायमनशी हात मिळवला. मग दोन हजार मोजून मर्लपुढं ठेवले आणि गेला.

"तोंडाला कुलूप लावता आलं नाही तुला?" मर्ल कडाडली.

"तो कंपनीला श्रेय देत होता, मर्ल."

"माझं छप्पर होतं ते श्रेय!"

"खोटं बोललो का मी?"

"खरं बोलायला कुणी विचारलं होतं? तो स्वतः तुला खोटं ठरवत होता, तर तू पुरावे काढतोस!" तिनं नोटांची घडी करून खिशात कोंबली. "यात नवं येईल, थोडे पत्रेही येतील. मजुरीला छदाम उरत नाही. छप्पर तू घालायचंस. पहिल्या बर्फाच्या आत."

लायमननं दोन्ही झाकणं बसवली, एकेक स्क्रू पिळला. नाही म्हणाला नाही. टोपी घेतली आणि दारात थांबला.

"पत्रे कुणाकडून घेणारेस?"

"बर्डेटच्या दुकानातून. का?"

"मी येतो बरोबर. जाडी मोजल्याशिवाय एक पत्रा उचलायचा नाही."