रंजिताच्या गोळ्या आणि सारिकाबाईंचे कपाट

डोळखांबकडच्या डोंगरात रस्ता जिथे एकेरी होतो, त्याच्या थोडे पुढे एक आश्रमशाळा आहे. आसपासच्या पाड्यांवरच्या मुली तिथे राहून शिकतात. त्यांच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका सारिकाबाई मूळच्या सापगावच्या. नोकरी लागली तेव्हा घरचे म्हणाले होते, वर्षभर काढ आणि बदली मागून घे. ते वर्ष अजून संपले नाही, असे बाई हसत सांगतात. नवऱ्याचे शहापुरात सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. तो दर रविवारी डबा घेऊन येतो आणि बायकोला भेटण्यापेक्षा पोरींच्या तुटलेल्या चपला शिवण्यातच त्याचा दिवस जातो.

अधीक्षिकेचे काम कागदावर चार ओळींचे. प्रत्यक्षात डोक्यातल्या उवांपासून घरच्या आठवणीने धरलेल्या अबोल्यापर्यंत सगळे तिच्याच गळ्यात. औषधेही तिच्याकडेच. एकदा दुसरीतल्या एका मुलीने मैत्रिणीच्या पेटीतल्या तापाच्या गोळ्या पेपरमिंट समजून खाल्ल्या. पोरगी वाचली, पण त्या दिवसापासून मुख्याध्यापक विशे सरांनी नियम केला, की औषध कुणाच्याही पेटीत राहणार नाही. ते बाईंच्या कपाटात राहील आणि जेवण झाल्यावर बाईंच्या हातून, बाईंच्या डोळ्यांसमोर घ्यायचे.

रंजिता बारावीत होती. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, त्यामुळे तिचे नाव शाळेत उशिरा लागले आणि बारावीत येईपर्यंत तिला अठरा पुरी झाली होती. वैशाखात तिचे लग्न झाले. नवरा भगीरथ आसनगावला कारखान्यात कामाला. जूनमध्ये ती गळ्यात काळी पोत घालून शाळेत परत आली, तेव्हा बाईंना बरे वाटले. लग्न झालेली पोर सहसा परत येत नाही.

दिवाळीची सुट्टी सासरी काढून ती आली ती गप्पच. आठवड्याने संध्याकाळी टाकीपाशी ताटे घासताना ती बाईंना म्हणाली, "या टायमाला वाचले, बाई."

"कशातून गं?"

रंजिताने हातातले ताट दोनदा विसळले. "तारीख चुकली होती. काल आली."

बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. "भगीरथला ठाऊक आहे?"

"त्यांना माज्यापेक्षा जास्त भ्या वाटलं. बोलले, बारावी होऊ दे, मंग नर्सिंगला जा, पोराबाळाचं मागून बघू. पन नुसतं बोलून काय होतं?"

"सासरच्या पाड्यावर आशाताई आहे ना? तिच्याकडे मिळतं सगळं."

"हाय ना. ती ह्यांची सख्खी चुलती. सकाळी मी गोळी मागितली तर दुपारी सासूला ठाव आन् सांजच्याला पानवठ्यावर."

बाईंना हसू आले, पण ते तोंडावर टिकले नाही. सरकारने गावचीच सून आशाताई म्हणून नेमली, ती ओळखीची असावी म्हणून. पण रंजिताला नेमकी ती ओळखच आडवी येत होती. मोकळेपणाने विचारावे अशी जागा तिच्यापाशी एकच उरली होती, ती म्हणजे शाळा.

शनिवारी दोघी एसटीने शहापूरच्या सरकारी रुग्णालयात गेल्या. तिथल्या समुपदेशक ताईंनी रंजिताला एकटीला आत घेतले. वय विचारले, मर्जी विचारली, डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतले आणि गोळ्यांचे पाकीट दिले. रोज ठरल्या वेळी घ्यायची, एखादी विसरली तर काय करायचे, तेही नीट समजावले. कुणी एक वाकडा शब्द बोलले नाही. त्या ताईंचे नाव विचारायचे राहिले, याची चुटपुट बाईंना अजून आहे.

शाळेच्या थांब्यावर उतरताच रंजिताने पाकीट काढून बाईंच्या हातात ठेवले. "नेम हाय ना," ती म्हणाली.

तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आले. गोळी रुग्णालयाने दिली होती, पण रोज संध्याकाळी ती देणारा हात आता शाळेचा असणार होता.

त्या तशाच विशे सरांकडे गेल्या. सर सरळमार्गी माणूस, पण दुधाने तोंड भाजल्यासारखे ताकही फुंकून पिणारे. सगळे ऐकून ते म्हणाले, "दवाखान्याने दिलं ते ठीक. शाळेने कशाला द्यायचं?"

"मग तिच्या पेटीत ठेवू द्या."

"तेही नको. नियम एकीला मोडला की सगळ्यांना मोडला."

"मग कुठे ठेवू, तुम्हीच सांगा."

सरांनी चष्मा काढून पुसला. "उद्या नववीतली येऊन मागेल. तिला देणार?"

"नाही देणार. ती लेकरू आहे. तिला जवळ बसवीन, काय झालं ते विचारीन, आईला बोलावीन, दवाखान्यात नेईन. कायद्याने जिथे कळवायचं तिथे कळवीन. पण त्यासाठी ती आधी माझ्याकडे आली पाहिजे ना? रंजिताला मी हाकललेलं पाहिलं तर ती कशाला येईल? पोरी बघत असतात, सर."

"मी हो म्हटलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

"नाही पण म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि पाकीट कपाटात गेले.

बोभाटा व्हायला फार दिवस लागले नाहीत. शाळेत दर सोमवारी सगळ्या मुलींना रक्तवाढीची निळी गोळी मिळते. रंजिताला मात्र रोज गोळी मिळते, हे धाकट्या पोरींनी हेरले. कुणीतरी मोठीने कानात सांगितले, ती पोर न होण्याची आहे. धाकट्यांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला, की रोज घेतली काय आणि सोमवारी घेतली काय, कपाट एकच, तर गोळीही एकच. पुढच्या सोमवारी नळामागच्या भिंतीवर निळे फराटे दिसले. पोरी गोळी गालात धरून तिथे थुंकत होत्या. बाजाराच्या दिवशी पाड्यांवर बातमी पोचली तोवर तिच्यातून रंजिताचे नाव गळाले होते; उरले एवढेच, की शाळेत पोरींना वांझ करायची गोळी देतात.

भात झोडून झाले होते. माणसे भट्टीवर निघण्याच्या तयारीत होती. या दिवसांत पोरीला शाळेतून नेले की ती आईबापांबरोबर भिवंडीकडे जाते ती पावसाच्या तोंडावर परतते. तिचे वर्ष बुडते आणि बहुधा शाळाही. बाईंना हे पक्के ठाऊक होते. म्हणून रविवारी सकाळी फाटकापाशी माणसे जमलेली दिसली तेव्हा त्या हातातले काम टाकून तशाच बाहेर आल्या.

सर्वांत पुढे आठवीतल्या काशीचा बाप होता. त्याच्यामागे त्याची आई धोंडीबाई, काठी टेकत आलेली. आणि एका बाजूला कमळू आणि हिरी, म्हणजे रंजिताचे आईबाप. त्यांची धाकटी मुलगीही याच शाळेत होती.

बाईंनी निळ्या गोळ्यांची बाटली आणून ओट्यावर ठेवली. "ही लोहाची. रक्त वाढायला. सगळ्या शाळांत देतात."

"आन् रोज सांजच्याला देता ती कंची?" काशीचा बाप म्हणाला.

तीही ताकदीचीच, असे म्हणून सुटता आले असते. बाईंनी तसे केले नाही. "ती मूल लांबवायची आहे. एकाच मुलीची. तिला अठरा पूर्ण आहेत, लग्न झालेलं आहे, गोळी डॉक्टरांनी दिलीय. नाव मी सांगणार नाही."

"नाव नाय सांगत मंजे आमच्यातल्याच कोनाची तरी," कमळूने आवाज चढवला. "शाळा हाय का दवाखाना? नाव सांगा, नायतर आमी आमच्या पोरी नेतो."

ज्या नावासाठी तो हटून बसला होता ते त्याच्याच घरचे होते. एक शब्द उच्चारला असता तर बाकीची माणसे निवांत घरी गेली असती. बाईंच्या तोंडून तो शब्द निघाला नाही.

तेवढ्यात कार्यालयातून विशे सर बाहेर आले. बाईंना वाटले, आता सर हात झटकणार. सर ओट्यावर त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. "कपाट बाईंचं आहे, पण नियम माझा आहे. जे बोलायचं ते मला बोला."

सर आणखी काही बोलणार, तोच स्वयंपाकघराच्या दारातून पिठाच्या हातांनी रंजिता आली.

"बाबा, माजी हाय ती."

कमळू पायरीवर खाली बसला. हिरीने पदर तोंडाला लावला. धोंडीबाईने काठी आपटली.

"आरं, लगीन झालेल्या पोरीची गोळी, तिची काय चोरी हाय? मला किती झाली ते मोजायचं मी सोडलं, हाताशी चार राहिली. त्यातला एक हा," तिने काशीच्या बापाकडे बोट केले. "तवा आसं कपाट असतं ना, तर हा आज इथं भांडायला नसता."

बायका पदराआड हसल्या. पुरुषही हसले. काशीचा बाप तेवढा हसला नाही.

"भगीरथला ठाव हाय?" कमळूने लेकीला हळूच विचारले.

"त्यांनाच इचारा."

मोबाईलला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीवर. कमळू शिडीने वर चढला. सगळी सभा खाली माना वर करून उभी. तो बराच वेळ ऐकत होता, बोलला जवळजवळ काहीच नाही. उतरून तो लेकीपाशी आला. "तुजा नवरा मलाच रागावला. बोलतो, मामा, तिच्या आभ्यासाचा टाइम खाऊ नका."

माणसे पांगली. पोरी राहिल्या. काशीला मात्र तिचा बाप घेऊन गेलाच. बाईंनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही. पण तो बायकोला घेऊन भट्टीवर गेला, तेव्हा धोंडीबाईने नातीला सोबतीला म्हणून आपल्यापाशी ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तिचा हात धरून शाळेच्या फाटकात आणून उभी केली. "मला म्हातारीला सोबत शनवार-रयवारची पुरे," ती म्हणाली. असे कोण करते? बाई आजही तिचे नाव घेताना हात जोडतात.

विशे सरांनी पुढे एक केले. उपकेंद्राच्या सिस्टरांना महिन्यातून एकदा मोठ्या मुलींशी बोलायला बोलावले. अंगातले बदल, नको म्हणायचा हक्क, लवकर लग्नाचे आणि लवकर बाळंतपणाचे धोके, आणि वेळ आली तर कुठे जायचे. आयांनाही बसायला सांगितले. गोळ्या सरसकट वाटायला सर आजही तयार नाहीत आणि बाईंचाही तसा आग्रह नाही. पण विचारायला आलेल्या मुलीला परत पाठवायचे नाही, यावर दोघांचे एकमत आहे.

रंजिता बारावी पास झाली. कल्याणला तिला नर्सिंगला जागा मिळाली.

त्या हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेत बाई नवऱ्याबरोबर घोंगडी घ्यायला गेल्या होत्या. गर्दीत कुणी दंडाला धरले. बघतात तर हिरी. भट्टीवरून खास जत्रेसाठी आली होती. फाटकापाशी त्या दिवशी ती एक शब्दही बोलली नव्हती, तेव्हापासून बाईंना तिच्या मनाचा थांग नव्हता.

"धाकटी यंदा नववीला हाय तुमच्याकडं," हिरी म्हणाली. "तिला समदं सांगा, बाई. येळेवर सांगा. मला सांगायला जमत नाय, जीभ आडते. आन् काय आडलंनडलं तर आदी मला फोन करा, तिच्या बापाला मागून."

"तुम्हीही या ना, सिस्टर येतात त्या दिवशी. दोघी मिळून ऐका."

"भट्टीवरून आले की येते," हिरी म्हणाली. तिने पिशवीतून कागदात बांधलेली गोड खाजाची पुडी काढून बाईंच्या हातात कोंबली आणि गर्दीत शिरली.

नवऱ्याने विचारले, कोण होत्या? "रंजिताची आई," बाई म्हणाल्या. इतकी वर्षे आईबाप त्यांच्याकडे पोरी सोपवत आले होते. पोटातले असे बोलून पोर सोपवणारी ही पहिलीच आई होती.