आतली कडी

काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बसते. पाण्यात बघायचे, नाकासकट झाकणारे चष्मे आणि तोंडात धरायच्या नळ्या भाड्यानं देते, म्हणून तिला सगळे चष्मेवालीच म्हणतात. काठापासून हाकेच्या अंतरावर, दोन पुरुष खोल पाण्यात, एक मालवाहू बोट बुडालेली आहे. वरून पालथं तरंगत ती बघायला लोक लांबून येतात. चष्मेवालीचा धाकटा दीर त्यांना घेऊन जातो.

तिचा नवरा त्याच बोटीवर आचारी होता. हे गिऱ्हाइकांना कुणी सांगत नाही.

बोट बुडाली त्याला नऊ वर्षं झाली. सहा जणांची प्रेतं सापडली, आचाऱ्याचं नाही. बोट स्वयंपाकघराच्या बाजूनंच खडकावर कलंडलेली, त्याचं दार खडकाखाली दबलेलं. मग लोकांच्या तोंडाला काय! पोहत गेला असेल, दुसरा संसार थाटला असेल, असं चाललेलं. सासूनं तेच धरून ठेवलं. "ठेवली असेल एखादी, तर ठेवू दे. जिता आहे ना," म्हणायची. चष्मेवाली हो म्हणायची नाही की नाही म्हणायची नाही. पण घराच्या दाराला आतून कडी तिनं नऊ वर्षांत घातली नव्हती.

परवाच्या वादळात बोटीनं कूस बदलली. सकाळी दीर शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, स्वयंपाकघराचं दार निखळलंय. लोकांना न्यायच्या आधी तुम्ही बघून घ्या."

"तुम्ही बघितलंत?"

"आत हाडबीड काही उरलेलं नाही. पण दार तुम्हीच बघा."

तेवढ्यात एक मिशीवाला ओरडत आला. "बाई, गळका चष्मा दिलात!"

"चष्मा चांगला आहे. तुमच्या मिशा गळतायत," ती म्हणाली आणि व्हॅसलिनची डबी त्याच्यापुढं सरकवली. मग काच धुरकटू नये म्हणून आपल्या चष्म्यात थुंकली, काच बोटानं चोळली आणि पाण्यात शिरली.

दार वाळूत उताणं पडलं होतं. श्वास धरून ती खाली गेली. नवऱ्याची खोड तिला पाठ होती. शिजेपर्यंत कुणी नाक खुपसू नये म्हणून तो आतून कडी घालायचा, बोटीवर तशीच घरीही. कडीचा दांडा पुढं सरकवलेला, गंजून तसाच राहिलेला. चौकटीचा तुकडा अजून त्याला अडकून होता. तिनं अंगठ्यानं दांडा ढकलून पाहिला. हलला नाही. आत दुसरी वाट म्हणजे एक खिडकी, ताटलीएवढी. ओट्यावर मासे फिरत होते.

ती वर आली.

"लावलेली आहे," ती म्हणाली.

दीर दुसरीकडं बघत होता. "मग लोकांना…"

"न्या की. पत्र्याला धार आहे, हात लावू देऊ नका."

तिनं सगळे चष्मे गोड्या पाण्यातून काढले, वाळत घातले. दुपारी जेवायला घरी गेली आणि आत येऊन कडी घातली.

"अगं, दिवसाढवळ्या कडी कशाला?" सासू म्हणाली.

"वारं आहे," ती म्हणाली आणि दोघींची ताटं वाढायला बसली.