एकाच घर नंबरातली बाई

पुरवठा खात्याच्या एका साहेबांनी माझ्या मैत्रिणीला फसवलं, आणि तो सौदा माझ्या तोंडून वदवून घेतला.

मी म्हसवडच्या बाजारात शेळ्यांचा व्यवहार करते. नवऱ्याने टाकल्यावर दोन शेरडांवर सुरुवात केली. आमच्या बाजारात जुने व्यापारी भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. बाईचा हात कसा धरायचा म्हणून आधी सगळे मागे सरायचे. मग मी घोंगडीचा एक तुकडा घेऊन जायला लागले. त्याच्याखाली बोट दाबलं की दाबलं. घरी नेल्यावर शेळी लाथाडी निघाली तरी कोणी शब्द फिरवत नाही.

टाकलेल्या बाईला रेशनकार्ड स्वतःच्या नावावर मिळावं, एवढंच आम्ही टाकलेल्या बायका मिळून मागत होतो. बाई माहेरच्या ओसरीवर, तिच्या वाटणीचं धान्य मात्र नवऱ्याच्या घरात. वेगळं कार्ड मागितलं की कचेरीत विचारायचे, कोर्टाचा कागद कुठे आहे? आमच्याकडे बायकोला टाकायला कोणी कोर्टात जात नाही. त्या कागदाची अट काढायला कितीतरी वर्षं गेली. सातारा, पलूस, सांगली, जिथे बोलावतील तिथे एसटीने जायचं. साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

मैत्रीण प्रत्येक खेपेला बरोबर असायची. सगळ्यांच्या भाकरी तिच्याच गाठोड्यात. तिच्या नवऱ्याने दुसरी आणली, पण ही माहेरी गेली नाही. घरामागच्या गोठ्यात चूल मांडली. "मी का जाऊ? ह्या भिंतीला पाणी मी वाहिलंय," म्हणायची. माझं डोकं लवकर तापतं, हे तिला ठाऊक. कचेरीत माझा आवाज चढला की ती मागून पदर ओढायची आणि मी गप्प व्हायचे. त्यामुळे आमची बरीच कामं झाली, हे मला कबूल आहे.

सांगलीच्या शेवटच्या बैठकीत साहेब नमले. म्हणाले, "कोर्टाचा कागद सोडला. ग्रामसभेचा ठराव चालेल. मात्र बाई वेगळ्या घर नंबरात राहत असली पाहिजे."

"आन् जी त्याच घराच्या गोठ्यात ऱ्हाती, तिचं काय?" मी विचारलं.

"अशा थोड्याच असतील. त्यांचं पुढच्या परिपत्रकात घेऊ, माझा शब्द. आज हे घ्या, नाहीतर फाईल परत वर जाईल."

मी उसळणार, तेवढ्यात मागून पदर ओढला गेला. दोनदा. मला वाटलं, नेहमीसारखं गप्प बस म्हणतेय. शिवाय हातात येतंय ते आधी घ्यावं, ही माझी बाजारातली सवय. मी म्हटलं, "ठरलं." पुढे आलेल्या कागदावर सही केली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पेढे आणायला धावलं.

परतीच्या एसटीत विट्याला तिने भाकरीचं गाठोडं सोडलं. मग म्हणाली, "मी थांब म्हणून पदर वढला हुता, आक्का."

"मला वाटलं, गप बस म्हणतीस."

"बाजारात बोटं वाचतीस न्हवं? पदर वाचता येईना व्हय?" असं म्हणून हसली, आणि उरलेली भाकरी मला दिली.

आदेश निघाला. गावात ज्यांना कार्डं मिळाली, त्यांत माझंही होतं. तिचा अर्ज परत आला. नवऱ्याचा आणि तिचा घर नंबर एकच, म्हणजे कागदावर ती त्याच्याबरोबर नांदते. गोठ्याला वेगळा नंबर मागायला आम्ही ग्रामसेवकाकडे गेलो. त्याने मालकाची संमती आणायला सांगितलं. मालक म्हणजे नवराच. तो म्हणाला, "आज नंबर दिला, की उद्या वाटणी मागशील."

साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांनी बैठकीचं इतिवृत्त दाखवलं. त्यात वेगळ्या घर नंबराची अट होती आणि आमची संमती होती. पुढच्या परिपत्रकाबद्दल अक्षर नव्हतं. माझी सही मात्र ठळक होती.

आजही तिच्या नावाचं धान्य पुढच्या घरात उतरतं. सवत सुपात घालून मागे आणून देते, तिला वाटेल तेवढं. सवत वाईट नाही. पण दुसरीच्या मर्जीने पोट भरायचं नाही म्हणूनच तर आम्ही एवढं फिरलो होतो. मैत्रीण अजून अर्ज करते, आणि मी अजून तिच्याबरोबर जाते. आता ती पदर ओढत नाही. बोलायचं ते स्वतः पुढे होऊन बोलते.

माझी चूक मी तिच्या चुलीपुढे बसून कबूल केली आहे. तो शब्द मी लिहून घ्यायला हवा होता. साहेब निवृत्त होऊन सांगलीतच राहतात, असं ऐकते. त्यांनी एकदा आमच्या गावी यावं. गोठा दाखवायला मी येईन. तिथे तिच्यासमोर उभं राहून त्यांनी एवढंच सांगावं: तो शब्द आपण दिला होता की नाही? दिला असेल, तर कागदावर का आला नाही?