पुस्तकाआधी हात

"हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे, मग पालथे. बाईंनी माझं मनगट दोन बोटांच्या चिमटीत धरलं, खाली वाकल्या आणि माझे हात हुंगले.

"शेण," त्या म्हणाल्या. "परत धू."

वाचनालयात मुली बसल्या होत्या. एक फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. मी बाहेर गेले. विहिरीच्या कठड्याशी कार्बोलिक साबणाची वडी दोरीने बांधून ठेवलेली असे. ती आमच्यासाठी होती. मी हात घासले. परत आले. परत पुढे केले. बाईंनी परत हुंगले.

"अजून आहे. बस. पान मी उलटते."

मी स्टुलावर बसले, हात मागे बांधून. पुस्तक टेबलावर, टेबलापलीकडे बाई. पान वाचून झालं की मी मान हलवायची, मग त्या पान उलटायच्या. त्यांना दुसरं काम निघालं की पान तसंच राही. मी तेच पान पुन्हा वाची.

हे सिल्वासातलं. साठ सालानंतरचं. पोर्तुगीज जाऊन फार काळ लोटला नव्हता. मिशनच्या शाळेत आदिवासी मुलींना मास्तरणी होण्याचं शिक्षण मिळे. मी रांधा गावची, वारली. बाप्तिस्मा लहानपणीच झालेला. शनिवारी घरी जायची, सोमवारी पहाटे जमीन सारवून निघायची. हाताला शेणाचा वास असे, हे खरं आहे.

शाळेचा बाहेरच्या काही ख्रिस्ती कॉलेजांशी आणि सेमिनऱ्यांशी पुस्तकांचा करार होता. पाद्री घडवणारी कॉलेजं, त्यांना सेमिनरी म्हणत. एका संस्थेचा वाचक तो सर्व संस्थांचा वाचक. आमच्याकडे नसलेलं पुस्तक शहरातून मागवायचं, त्यांना आमचं हवं असेल तर आम्ही द्यायचं. पुस्तकं रेल्वेने वापीला येत, तिथून दमणगंगा ओलांडून बसने सिल्वासाला. कराराचं पत्रक वाचनालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'सभासद संस्थेच्या कोणत्याही वाचकास.' मी तिथे झाडू मारायची, पुस्तकं पुसायची. ते पत्रक रोज डोळ्यांसमोर असे.

हात हुंगण्याचा नियम पत्रकात नव्हता. तो बाईंचा होता. वाचनालय त्याच बघत. बाई मुंबईच्या. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. त्यांचे आजोबा कोणत्या जातीतून ख्रिस्ती झाले, हे त्या नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगत. एकदा सेमिनरीतून तक्रार आली, परत आलेल्या पुस्तकावर डाग आहे. तेव्हापासून हात हुंगल्याशिवाय बाहेरचं पुस्तक आमच्या हाती देणं बंद झालं. तो डाग मी पाहिला होता. गोल होता. कपाच्या बुडाचा. वसतिगृहात आम्हाला चहा मिळत नव्हता. रांध्याला आमच्या घरी कप नव्हता. कुणी विचारलं नाही.

सरकारी शाळेतले एक गुरुजीही पुस्तकं न्यायला येत. कोकणातले, हिंदू. आमच्या संस्थेचे नाहीत, आमच्या धर्माचे नाहीत. बाई उठून उभ्या राहत. "या गुरुजी, बसा. नवीन आलंय बघा तुमच्यासाठी." गुरुजी बाहेरून आलेलं पुस्तक काखेत मारून घरी नेत. त्यांचे हात कुणी हुंगले नाहीत. ते पाहिलं तेव्हा मला कळलं की हा प्रश्न साबणाचा नाही.

तरी मी हात दाखवत राहिले. कारण त्या वर्षी शहरातल्या कॉलेजात आमच्या शाळेतली एक मुलगी घेणार होते. राहणं, जेवण, फी सगळं मिशनचं. चर्चच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक वाचायचं आणि सेमिनरीतून येणाऱ्या रेव्हरंडांना त्यावर उत्तरं द्यायची. ते पुस्तक करारातूनच आलं होतं. अर्ज केलेली मी एकटी. कॉलेज म्हणजे काय ते मला नीट माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की तिथे मुली खोलीत दार लावून पुस्तक वाचतात.

पुस्तक अर्धं झालं होतं तेव्हा रेव्हरंड आले. वापीहून जीपने. दुपारी बंगल्यावर जेवले. जेवून सरळ वाचनालयात आले, दातांत काडी घालत. उंच, गोरे, आवाज मऊ.

"हीच का ती?"

"हीच," बाई म्हणाल्या. "हुशार आहे. स्वच्छतेचं मात्र रोज सांगावं लागतं."

"शिकेल, शिकेल. उद्या सकाळी बोलू तुझ्याशी. आधी माझं काम. तुमच्याकडे तो वारली शब्दांचा संग्रह आहे ना? करारावर घेऊन जातो. मला लिहायचंय त्यावर."

तो संग्रह आमच्याकडेच होता. एका जुन्या पाद्र्याने गावोगाव हिंडून शब्द गोळा केले होते आणि टाईप करून बांधून घेतले होते. रांध्यालाही तो पाद्री आला होता. माझ्या आजीने त्याला भाताचे, पावसाचे, बाळंतपणाचे शब्द सांगितले होते. ते आई सांगायची.

बाई म्हणाल्या, "काढून दे गं."

मी संग्रह काढला. रेव्हरंडांनी हात पुढे केला. नखं पिवळी होती. बोंबलाच्या कालवणाचा वास माझ्यापर्यंत आला.

मी संग्रह छातीशी धरला.

"हात दाखवा, साहेब."

रेव्हरंड हसले. त्यांना गंमत वाटली. खरोखरच दोन्ही हात पुढे केले, लहान मुलाला खेळवावं तसे. मी खाली वाकले आणि हुंगले.

"बोंबील," मी म्हणाले. "धुऊन या. साबण विहिरीवर आहे."

आता ते हसत नव्हते.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" बाई खुर्चीवरून उठल्या. "कुणाशी बोलतेस?"

"बाहेरचा वाचक आहे, बाई. पुस्तक आपलं आहे."

बाईंनी संग्रह माझ्या हातातून ओढून घेतला आणि रेव्हरंडांना दिला. त्यांनी तो पिवळ्या बोटांनी उघडला. पान चाळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोष हिचा नाही. आपण फार लवकर वर उचलतो ह्यांना."

संध्याकाळी बाई वसतिगृहात आल्या. आवाज शांत होता. "साहेब मोठ्या मनाचे आहेत. सकाळी त्यांच्या हातावर पाणी घाल, सगळ्यांसमोर. दोन शब्द माफीचे बोल. जागा तुझीच आहे. नाहीतर नाही."

मी तशीच रांध्याला गेले. आई चुलीपुढे होती. तिला सांगितलं.

"घाल की पानी," ती म्हणाली. "पान्याला काय लागतं? शिकून घे तू."

"बाई माझे हात हुंगतात. रोज. पुस्तक देण्याआधी."

हे मी घरी कधी बोलले नव्हते.

"कशापायी हुंगतात?"

"शेणाचा वास येतो म्हणतात."

"जमीन सारवली तं शेणाचा नाय तं काय अत्तराचा येल?" ती हसली. मग हसायची थांबली. तिने स्वतःचे हात नाकाशी नेले. एक हुंगला, मग दुसरा. माझ्याकडे बघितलं.

"माला तं काय येत नाय," ती म्हणाली.

बाईंनी माझे हात हुंगले ते मी सोसलं होतं. माझ्यामुळे माझ्या आईने स्वतःचे हात हुंगले. हे मी सोसणार नव्हते.

पहाटे मी जमीन सारवली, सगळी. हात धुतले नाहीत. शेण बोटांवर वाळू दिलं आणि सिल्वासाची वाट धरली.

वाचनालयाची किल्ली झाडूवालीकडे असे, म्हणजे माझ्याकडे. पुस्तक टेबलावरच होतं, बाईंनी उघडं ठेवलेल्या पानावर पालथं. मी स्टूल घेतलं नाही. बाईंच्या खुर्चीत बसले. वाचायला लागले. पान संपलं, मी उलटलं. पुढचं संपलं, तेही उलटलं. कुणाकडे बघून मान हलवावी लागली नाही. किती वेळ वाचलं ते सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी वाचत होते.

बाई आल्या. मागे रेव्हरंड, मागे मुली. एकीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. माझ्यासाठी भरून आणलेला.

"हात दाखव," बाई म्हणाल्या.

"नाही."

"ऊठ त्या खुर्चीतून."

"पान पुरं झालं की उठते."

"जागा गेली तुझी," रेव्हरंड म्हणाले. आवाज तसाच मऊ.

"कळलं."

मी पान पुरं वाचलं. मग अंगठा थुंकीने ओला केला, पानाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि दाबला. अंगठ्याची रेघन्‌रेघ उमटली. मुलींपैकी कुणी हसलं नाही.

"हा डाग आमचा आहे," मी म्हणाले. "तक्रार आली तर नाव सांगा. तो चहाचा आमचा नव्हता."

किल्ली टेबलावर ठेवून मी बाहेर पडले. तांब्या अजून त्या मुलीच्या हातात होता.

जागा त्या वर्षी कुणालाच दिली नाही. संग्रह रेव्हरंड घेऊन गेले, तो माझ्या माहितीप्रमाणे परत आला नाही. त्याबद्दल सेमिनरीला तक्रार कुणी लिहिली नाही. हात हुंगण्याचा नियम पुढेही चालू राहिला. माझ्यानंतरच्या मुलींनी हात दाखवले. मला हे माहीत आहे, कारण मी वर्षानुवर्षं त्यांना विचारत आले आहे. आणि प्रत्येकीला एकच सांगत आले आहे.

पुस्तक मागायचं ते हातात मागायचं. आधी हात मागितला, तर दाखवायचा नाही. पुस्तक जवळ असेल तर उचलून घ्यायचं. आजीचे शब्द मी अजून मागते आहे. ते घ्यायला जाईन तेव्हा हात धुऊन जाणार नाही.