पार्कसाहेबांचा सण आणि माझा लसूण

माझ्या साहेबांच्या देशाची मूळ आई अस्वलीण होती. हे मी रागाने म्हणत नाही, त्यांनीच सांगितलं. पार्कसाहेब कोरियाचे. तीन ऑक्टोबरला त्यांच्या राष्ट्राच्या जन्माचा सण. गोष्ट अशी, की अस्वलीण आणि वाघ, दोघांनाही माणूस व्हायचं होतं. देवाने सांगितलं, अंधाऱ्या गुहेत बसा आणि फक्त लसूण नि कडू पाला खा. वाघ कंटाळून पळाला. अस्वलीण टिकली, तिची बाई झाली आणि तिच्या मुलाने राज्य वसवलं.

२०१५ साली आमच्या सिंगापूरच्या ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास जातो, पास गेला की बिऱ्हाड उचलून पुणं! माझी झोप उडाली. साहेब इथे एकटे, सण शनिवारी. म्हटलं, बुकित बातोकला घरी जेवायला बोलवू. (लोणी लावायला मुहूर्त लागत नाही.)

"पितृपंधरवड्यात?" बायको, माधवी, एवढंच म्हणाली. आमच्याकडे राहायला आलेली आई तर चातुर्मास पाळणारी, घरात कांदा-लसूण बंद. लसणाच्या सणाला बिनलसणाचं जेवण! मी आईला अस्वलिणीची गोष्ट सांगून पाहिली.

"ती गुहेत खात होती," आई म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात नाही."

मग मी अक्कल पाजळली. शनिवारी सकाळी बाथरूमची कडी लावून लसूण सोलला आणि तिथेच खलबत्त्यात ठेचा कुटला. वास दडेल तर शपथ! आईने जाहीर केलं, बाथरूम घासल्याशिवाय आंघोळ नाही आणि आंघोळीशिवाय स्वयंपाक नाही. साहेबांनी बेल वाजवली तेव्हा मी हाफ पँटमध्ये होतो, हातात ब्रश.

जेवायला दुपारचे तीन वाजले. साहेब वरण-भात, भोपळ्याची भाजी मुकाट्याने जेवले, खीर दोनदा घेतली. मी ठेच्याची वाटी हळूच पुढे सरकवली. त्यांनी ती तितक्याच हळू मागे सारली. ॲसिडिटी. डॉक्टरांनी लसूण कधीच बंद केलेला. आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण तेवढं बरोबर कळलं.

हात धुऊन साहेब पुन्हा बसले.

"महिनाअखेर माझी पोस्ट बंद होतेय," ते म्हणाले. "तुमची टीमही. तुमच्या ओळखीत कुठे काही आहे का?"

माधवी उठून आत गेली. मला त्यांची दया आली, माझी तर त्याहून जास्त. ज्याचे पाय धरायचे, त्याचेच पाय उखडलेले!

जुरोंग ईस्टला माझा एक मित्र मॅनेजर होता. त्याला मी दोघांचीही नावं दिली. स्वतःबद्दल काय बोलणार, संकोच वाटतो, म्हणून साहेबांचीच तोंडभर स्तुती केली. जागा एकच निघाली.

पुण्याला निघालो त्या दिवशी विमानतळावर मित्राचा फोन आला. म्हणाला, "तू सांगितलंस म्हणूनच घेतलं रे पार्कना." आयुष्यात माझ्या शब्दाला एवढी किंमत पहिल्यांदाच मिळाली.