पिवळ्या विमानातली दोन माणसं

वॉटफर्डच्या सुपरमार्केटमध्ये सेल्फ-चेकआउटच्या मशीनशी माझं कोथिंबिरीवरून भांडण चाललं होतं, तेव्हा सुनीतावहिनींचा ब्रिस्टलहून फोन आला. श्रीकांत पहाटे झोपेतच गेला होता. मी जुडी हातात घेऊन तसाच बाहेर पडलो आणि दारात गार्डने मला चोर म्हणून अडवलं... श्रीकांत असता तर या गोष्टीवर आठवडाभर हसला असता. माझ्या फजित्यांचा तो चाळीस वर्षांपासूनचा श्रोता. त्यातली सगळ्यात मोठी फजिती त्याच्याच घरी झाली.

विमानांच्या इंजिनांवर काम करून तो निवृत्त झाला आणि मग घरी विमानांची मॉडेल्स करू लागला. मी त्यांना खेळणी म्हणायचो. शेवटचं मॉडेल हातभर लांब, पिवळंधमक, दोन पंख्यांचं. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीला धावणाऱ्या एका परदेशी मोटार क्लबची ती एअर ॲम्ब्युलन्स. काही वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये सुट्टीवर असताना वहिनींच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हा इन्शुरन्सवाल्यांनी असलंच विमान पाठवून दोघांना घरी आणलं होतं. वहिनी बऱ्या झाल्या आणि श्रीकांतच्या हातांना कंप सुटला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारा हा माणूस चिमट्याने केसाएवढी तार कशी बसवतो, मला कळत नसे. थरथर थांबायची वाट बघायची आणि थांबली की त्या दोन सेकंदांत काम उरकायचं, असं तो म्हणायचा. दीड वर्ष तो असे दोन-दोन सेकंद गोळा करत होता.

दसऱ्याला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. वहिनींनी त्याच्या टेबलावरच्या पकडी-चिमट्यांची पूजा केली होती. विमान बिचारं तसंच राहिलं असं मला वाटलं. श्रीकांत किचनमध्ये गेल्याचं बघून मी विमानाच्या नाकावर ओलं कुंकू लावलं आणि शेपटीला झेंडूची माळ घातली. माळेच्या वजनाने ते मागे कलंडलं, जमिनीवर आपटलं आणि सांध्यावर उकललं.

श्रीकांत ओरडला नाही. "गाढवा, हलू नकोस, तुझ्या पायाखाली माझं चाक आहे," एवढंच म्हणाला. मी गुडघ्यांवर बसलो आणि ते विमान पहिल्यांदाच आतून बघितलं. स्ट्रेचर, त्याचे पट्टे, सलाइनची नळी, ऑक्सिजनची बाटली, पांघरुणाखाली एक बाई... खिडक्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. विमान जोडल्यावर यातलं काहीच कुणाला दिसणार नव्हतं. मी खेळणं म्हणत होतो ते हे. बाईशेजारी एक माणूस बसला होता, तिच्याकडे पाठ करून, तोंड खिडकीकडे.

"हा असा का बसलाय रे?"

श्रीकांत खुर्चीत टेकला. "मी तसाच बसलो होतो. पाच तास पंखा बघत... तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. धीरच झाला नाही."

जसं होतं तसंच करायचं, हा त्याचा नियम. एक रिव्हेट चुकली तर अख्खा पंख पुन्हा करणारा माणूस तो. त्याने उघडं विमान टेबलावर घेतलं. मग चिमटा त्याने माझ्याकडे दिला, म्हणजे ज्या हातांनी नुकताच घोळ घातला होता त्यांच्याचकडे. "वळव त्याला. माझ्याच्याने नाही व्हायचं." मी श्वास रोखून तो नखाएवढा माणूस स्ट्रेचरकडे वळवला. वहिनींना सांगायचं नाही असं ठरलं आणि विमान पुन्हा जोडलं गेलं. कुंकवाचा डाग काही निघाला नाही.

गेल्या आठवड्यात ब्रिस्टलला गेलो, तर वहिनी मेकअपच्या मऊ ब्रशने विमानावरची धूळ झटकत होत्या. माझ्या पोटात काही राहत नाही. सांगून टाकलं. त्यांचा ब्रश थांबला.

"वळवायला कशाला हवं होतं, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "बघत नव्हते, ते दिसत होतं मला. पण हात सोडला नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी बोटं सुजली होती माझी."

मग त्यांनी फोनचा टॉर्च लावला आणि विमानाच्या एका खिडकीला डोळा भिडवला. काही दिसतंय का, मी विचारलं. नाही म्हणाल्या, आणि पुढच्या खिडकीकडे सरकल्या.