अंधार पाळणाऱ्या मॅडम

"बरं. आणि घरी?"

युद्धाची कुठलीही बातमी सांगितली की मॅडम एवढंच विचारत. अमुक शहरावर बॉम्ब पडले, तमुक सीमेवर रणगाडे आले. चहा गाळता गाळता त्या ऐकून घेत आणि मग तो प्रश्न येई. लढणाऱ्या देशाच्या घरात काय चाललंय, साखर मिळते का, शाळा भरतात का, हे त्यांना हवं असे. आमच्या वृत्तपत्राकडे त्याचं उत्तर क्वचितच असे.

"तुमचं पान अर्धंच असतं, संपादक," त्या म्हणत. मी उपसंपादक होतो. ही दुरुस्ती त्यांनी कधी मान्य केली नाही.

इंदूरच्या आमच्या कॉलनीत त्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहत. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या.

महायुद्ध शिकवताना त्यांनी सेनापतींपासून कधी सुरुवात केली नाही. बागांची लोखंडी कुंपणं कापून नेली, बायकांनी घरातली ॲल्युमिनियमची भांडी विमानांसाठी दिली, तळणीतली उरलेली चरबी साठवून स्फोटकांसाठी पाठवली, इथून त्या सुरू करत. एकदा एका मुलीने घाबरून विचारलं, "मॅडम, मतलब आपल्या घरचं तूपपण नेलं असतं?" मॅडम म्हणाल्या, "तुझ्या आजीनं दिलं असतं असं वाटत नाही."

माल वाहणाऱ्या जहाजांचा एक तास ठरलेला असे. गणवेश नाही, बंदूक नाही, तरी बुडणारी माणसं. एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनियर झाला, तेव्हापासून तो एक तास त्या खुर्चीत बसून घेत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितलं.

मग आपल्याकडेही ब्लॅकआउटचा सराव जाहीर झाला. तुमच्या गावातही झाला असेल. कॉलनीच्या सेक्रेटरींनी, म्हणजे सियागंजात हार्डवेअरचं दुकान असलेल्या आमच्या भियांनी (इंदुरात भाऊला भियाच म्हणतात), नियम सांगायचं काम मॅडमवर सोपवलं. मॅडम कडक होत्या. पडदे ओढायचे, टॉर्च नाही, मोबाइल तर अजिबात नाही.

संध्याकाळी भोंगा वाजला आणि सगळे बागेत जमले. झाडं, गाड्या, माणसं हळूहळू विरघळत गेली. शहराच्या उजेडात कधी न दिसलेले तारे एकदम जवळ आले. कोणीतरी शेवेचा पुडा फोडला.

"भिया, अंधेरे में सेव का स्वाद अलग ही आ रिया है!"

हशा पिकला, आणि त्यातच एक फोन पेटला. मॅडमच्या हातात.

"मॅडमजी, मोबाइल! बंद करो!" भिया ओरडले.

फोन त्यांच्या मुलाचा होता. त्याचं जहाज त्या आठवड्यात युद्धाच्या समुद्रातून जाणार होतं, हे मला ठाऊक होतं. मॅडमनी फोन कापला नाही. शाल डोक्यावरून ओढून त्या खाली बसल्या. मी शालीची एक कड धरली. अंधारात ती शाल आतून निळसर उजळली आणि समुद्रातल्या एखाद्या प्राण्यासारखी हलत राहिली.

"आई, आता काही दिवस फोन लागणार नाही," आतून आवाज आला. "जहाजाचे दिवेपण बंद ठेवलेत."

"जेवलास का?" मॅडमनी विचारलं.

लाइन तुटली. थोड्या वेळाने सराव संपला, टाळ्या पडल्या, खिडक्या एकेक करून पेटल्या. मॅडमच्या खिडक्या तेवढ्या काळ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीही, त्याच्या पुढच्याही. गॅसच्या ज्योतीच्या उजेडात त्या भाजी परतत.

"मॅडमजी, ड्रिल तो कब की खतम हो गई!" भिया खिडकीपाशी जाऊन म्हणाले.

"इथली संपली हो. तिकडची चालू आहे."

त्यानंतर भियांनी विषय काढला नाही. बागेत फिरणारी माणसं त्या खिडक्यांपाशी आली की आवाज उतरवत.

मग एका संध्याकाळी कामावरून परतलो तर समोरचा तळमजला झगमगत होता. स्वयंपाकघर, बाल्कनी, न्हाणीघर, सगळीकडचे दिवे. दार उघडं होतं. मॅडम खुर्चीत झोपल्या होत्या, फोन मांडीवर. माझ्या चाहुलीने डोळे अर्धवट उघडले.

"पार झाला हो. बंदराला लागलाय."

"दिवे बंद करू?"

"राहू द्या."

आणि त्या पुन्हा झोपल्या. तेवढ्यात भिया आले. त्यांनी दारातून आत पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणीच परत गेले.